सही करण्याआधी : काम गेलेल्यांचे प्रश्न

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर आणि मिहान परिसरातून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. कामगार कायदा, भविष्य निर्वाह निधी आणि यंत्रकाम प्रशिक्षण या तिन्ही बाजूंच्या जाणकारांनी मिळून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत एकाच कारखान्यात १७ वर्षं झाली. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये. ऑर्डर नाही म्हणून आमच्या लाइनचे बाराजण कमी करून राहिले. साहेब म्हणतात, राजीनामा लिहून द्या, २ लाखांचा चेक आजच घेऊन जा, नाही तर कोर्टाच्या चकरा मारत बसा. काय करावं, काही समजून नाही राहिलं. (टर्नर, वय ४४, वाडी)

राजीनामा लिहू नका, निदान खालचा हिशेब मांडून होईपर्यंत तरी नाही. राजीनामा दिला की कागदावर नोकरी तुम्ही सोडलेली असते. मग कामगार कपातीची भरपाई नाही, नोटीस पगार नाही आणि ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा) बेकारी भत्ताही नाही. त्यासाठीच तर तो मागतात.

आता आकडे. ग्रॅच्युइटी : १५,६०० ला २६ ने भागून १५ ने गुणलं की एका वर्षाचे ९,००० होतात. १७ वर्षांचे १,५३,०००. कपातीची भरपाई : पूर्ण केलेल्या दर वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. इथे २६ ने भागायचं नसतं, महिन्याचा अर्धा पगार धरतात, म्हणजे ७,८०० गुणिले १७, एकूण १,३२,६००. एक महिन्याच्या नोटिशीऐवजी पगार १५,६००. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा असतो आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायचा असतो. ते ७,८००. बेरीज ३,०९,०००. घरभाडे भत्ता यात धरलेलाच नाही. शिल्लक रजेचे पैसे आणि बोनस वेगळे.

म्हणजे देऊ केलेल्या २ लाखांतले दीड लाख ही तुमचीच ग्रॅच्युइटी आहे, आणि ग्रॅच्युइटी ही सौदा करायची वस्तूच नाही. पाच वर्षं भरलेल्या माणसाने स्वतः राजीनामा दिला तरी ती द्यावीच लागते, तीही ३० दिवसांत. उशीर झाला तर व्याजासह.

बाराजणांची यादी कशी केली तेही बघा. एका वर्गातल्या कामगारांत जो शेवटी लागला तो आधी कमी करायचा, हा नियम जुन्या कायद्यात होता आणि नव्या संहितेतही आहे. १७ वर्षांचा टर्नर यादीत आणि ४ वर्षांचा आत, असं असेल तर मालकाने त्याची कारणं नोंदवलेली हवीत. कारखान्यात ३०० किंवा जास्त कामगार असतील तर कपातीआधी सरकारची परवानगी लागते. आणि कपातीनंतर वर्षाच्या आत त्याच कामाची भरती निघाली तर पहिला हक्क तुमचा.

गडबड सहसा होते ती पुढच्या चार दिवसांत. राजीनामा नाही म्हटलं की गेटवर अडवतात आणि महिनाभराने घरी पत्र येतं, ‘न सांगता गैरहजर’. म्हणून रोज पाळीच्या वेळेला गेटवर जा. अडवलं तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा किंवा स्पीड पोस्टने पत्र पाठवा : ‘आज अमुक तारखेला पहिल्या पाळीत कामावर हजर झालो असता मला प्रवेश नाकारण्यात आला.’ दोन ओळी पुरतात. पगारपत्रकं, नेमणूक पत्र आणि हजेरीची नोंद यांचे फोटो आधीच काढून घरच्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा. कोऱ्या कागदावर किंवा नुसत्या रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही नाही म्हणजे नाही.

तडजोड करूच नये असं आमचं म्हणणं नाही. ऑर्डर खरोखर आटली असेल तर लढून नोकरी परत मिळेलच असं नाही. पण तडजोड कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यासमोर, बाबवार रकमा लिहून आणि ‘कामगार कपात’ हा शब्द कागदावर ठेवून करा. वाद कोर्टात न्यायचाच झाला तर आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा. ४५ दिवसांत काही हललं नाही तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येतं. काढल्यापासून दोन वर्षांच्या आत हे व्हायला हवं.

राजीनामा कुणी आधीच देऊन बसला असेल आणि तो अजून मंजूर झालेला नसेल, तर आजच लेखी मागे घ्या. मंजुरीचं पत्र हातात पडल्यावर हे फार अवघड होतं.

प्रश्न : बुटीबोरीत ठेकेदारामार्फत पॅकिंगचं काम करत होते. तीन वर्षं झाली होती. पगार १४,०००. ऑगस्टमध्ये ठेकेदाराचं काम बंद झालं आणि आम्हा सगळ्या बायांना घरी बसवलं. ईएसआय कापत होते. त्याचं काही मिळतं का? (वय ३६, बुटीबोरी)

मिळतं, पण आधी कापलेले पैसे भरले होते की नाही ते तपासा. ईएसआयसीच्या पोर्टलवर तुमच्या विमा क्रमांकाने गेल्यावर महिन्यागणिक किती दिवस आणि किती वर्गणी जमा आहे ते दिसतं. पगारातून ०.७५ टक्के कापला आणि भरला नाही, असं निघालं तर नुसतं ठेकेदाराच्या मागे धावू नका. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती भरण्याची जबाबदारी मूळ कंपनीची असते. थकलेल्या पगाराचंही तसंच. तक्रारीत दोघांची नावं घाला.

वर्गणी भरलेली असेल तर ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ बघा. बेकारीच्या काळात सरासरी रोजच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. नोकरी जाण्याआधी दोन वर्षं विमाधारक असायला हवं. लगेच आधीच्या सहामाही वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवस भरलेले हवेत आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन कालावधींपैकी एकातही ७८ दिवस. सरासरी काढताना चार कालावधींची एकूण कमाई ७३० ने भागतात. १४,००० च्या हिशेबाने रोज सुमारे ४६० पडतो, त्याचे निम्मे २३०, आणि ९० दिवसांचे साधारण २०,७०० रुपये. काम सुटून ३० दिवस झाल्यावर पोर्टलवर दावा भरायचा. आधार, बँक पासबुक आणि विमा क्रमांक सोबत ठेवा. ही योजना वेळोवेळी मुदतवाढ घेत चालते, म्हणून अर्जाच्या दिवशी ती चालू आहे का हे गणेशपेठेतल्या ईएसआयसी कार्यालयात विचारून घ्या.

दावा अडतो तो बहुतेकदा एका ओळीवर. ठेकेदार पोर्टलवर नोकरी सुटल्याचं कारण भरताना सवयीने ‘नोकरी सोडली’ असं टाकतो. स्वेच्छेने सोडणाऱ्याला आणि गैरवर्तनासाठी काढलेल्याला हा भत्ता नाही. ती नोंद बघा आणि चुकीची असेल तर ठेकेदाराकडून दुरुस्त करून घ्या. तुम्ही एकट्या नाही, सगळ्या बायांचा एकत्र लेखी अर्ज गेला तर काम लवकर होतं.

कारखानाच बंद पडला किंवा रीतसर कपात झाली असेल तर जुनी ‘राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना’ जास्त फायद्याची आहे. तिच्यात पहिले १२ महिने निम्मा पगार, पुढचे १२ महिने पाव पगार, उपचार आणि नवं काम शिकण्याची फीदेखील आहे. दोन्ही योजना एकदम मिळत नाहीत, तेव्हा कोणती लागू होते ते नीट विचारून मगच अर्ज करा.

आणि दवाखाना लगेच बंद होत नाही, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचे लाभ चालतात. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचे. ऑगस्टमध्ये काम सुटलं तरी एप्रिलपासूनची वर्गणी भरलेली असल्यामुळे पुढच्या जूनपर्यंत सोमवारीपेठच्या रुग्णालयात उपचार मागता येतात. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू असतील तर कार्ड कपाटात टाकून देऊ नका.

प्रश्न : पीएफमध्ये सव्वातीन लाख आहेत. नोकरी गेली. सगळे काढून घरकर्ज फेडावं असं घरचे म्हणतात. नोकरीची एकूण ९ वर्षं ४ महिने झाली. (वय ३९, कळमेश्वर)

दोन महिने कुठे तरी पीएफ भरणाऱ्या ठिकाणी काम करा, मग बोलू. हे थट्टेने लिहिलेलं नाही. पेन्शन योजनेत १० वर्षांची सेवा लागते आणि सहा महिने किंवा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो. म्हणजे ९ वर्षं ६ महिने झाले की तुम्ही ५८ व्या वर्षी पेन्शनचे हक्कदार. आज पेन्शनचा भाग काढून घेतलात तर ही सगळी सेवा पुसली जाईल. पेन्शनच्या भागाला हात न लावता योजना प्रमाणपत्र घ्या, ते पुढच्या नोकरीत जोडता येतं.

पीएफच्या भागाबद्दल : ऑक्टोबर २०२५ मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवलं की नोकरी गेल्यावर ७५ टक्के लगेच काढता यावेत आणि उरलेले २५ टक्के १२ महिने बेकार राहिल्यावर. पेन्शनच्या पैशांसाठी ही मुदत ३६ महिने. त्यामुळे ‘सगळे काढून’ हा बेत तसाही जमणार नाही. घर चालवायला सहा महिन्यांचा खर्च लागतो, तेवढेच काढा. सेवा पाच वर्षांपेक्षा कमी असती तर ५० हजारांच्या वर काढताना कर कापला गेला असता. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

दावा फेटाळला जाण्याची कारणं ठरलेली आहेत. आधारवर ‘रामभाऊ’ आणि पीएफमध्ये ‘राम’, जन्मतारखेत एक आकडा इकडचा तिकडे, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग. बँकेचं विलीनीकरण होऊन आयएफएससी कोड बदलला आणि यूएएनवर (पीएफच्या कायम खाते क्रमांकावर) जुनाच राहिला, हेही नेहमीचं. नोकरी सोडल्याची तारीख मालकाने भरलीच नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः पोर्टलवर भरू शकता. अडलंच तर रघुजीनगरच्या भविष्यनिधी कार्यालयात जा. जाताना आधार, पासबुक आणि फेटाळल्याच्या संदेशाची प्रत घेऊन जा. नुसतं ‘पैसे आले नाहीत’ सांगून खिडकीवरून काही हाती लागत नाही.

घरकर्जाचं म्हणाल, तर हप्ता चुकण्याच्या आधी बँकेत जा. ९० दिवस हप्ता थकला की खातं अनुत्पादक ठरतं आणि मग शाखा व्यवस्थापकाच्या हातात फारसं काही उरत नाही. कपातीचं पत्र दाखवून मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा अर्ज पहिल्याच महिन्यात द्यावा.

प्रश्न : साध्या लेथवर १९ वर्षं काढली. आता जिथे जावं तिथे सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) येतं का विचारतात. एक खाजगी क्लास तीन महिन्यांचे ३५,००० सांगतो. या वयात जमेल का? (वय ४३, इसासनी)

जमेल. साध्या लेथवरून आलेला माणूस आयटीआयतून नुकत्याच निघालेल्या पोरापेक्षा सीएनसीवर लवकर तयार होतो, कारण धातू कसा कापला जातो हे त्याला शिकवावं लागत नाही. चिप निळी का पडली, जॉब (मशीनवर लावलेला तुकडा) थरथरतो कशाने, टूलची धार कधी गेली, हे त्याला आवाजावरून कळतं. शिकायचं आहे ते बाकीचं, आणि ते मोजकं आहे.

फी भरण्याआधी क्लासमध्ये चार गोष्टी विचारा. मशीन किती आणि कोणत्या कंट्रोलची? एका बॅचला पोरं किती? प्रत्येकाला प्रत्यक्ष मशीनवर किती तास? आणि खरा धातू कापायला देता की हवेतच टूल फिरवता? सिम्युलेटर पहिल्या आठवड्यापुरता चांगला, पण तीन महिने संगणकाच्या पडद्यावरच चालणार असतील तर ३५ हजार पाण्यात. श्रद्धानंदपेठच्या शासकीय आयटीआयमध्ये अल्पमुदतीचा वर्ग आहे का ते आधी विचारा. फीत मोठा फरक पडतो.

तुम्हाला सगळ्यात जास्त अडणार ते वेगाच्या सवयीत. २५ मिमीचा ईएन-८ पोलादाचा बार हायस्पीड स्टीलच्या टूलने मिनिटाला ३० मीटर या वेगाने कापायचा तर स्पिंडल मिनिटाला ३८० फेऱ्यांच्या आसपास फिरते. कार्बाइड इन्सर्टने (टूलच्या टोकाला बसवायच्या कठीण पात्याने) १५० मीटरवर गेलात की तोच बार १,९०० फेऱ्यांवर जातो. जुना हात घाबरून वेग कमी करतो आणि मग इन्सर्टवर धातू चिकटून फिनिश खराब होतं. दोष प्रोग्रामला दिला जातो. दुसरीकडे, जी ९६ (कापण्याचा वेग कायम ठेवणारी आज्ञा) लावून फेसिंग करताना टूल मध्याकडे जाईल तसतसे फेरे वाढत जातात, म्हणून जी ५० ने वरची मर्यादा बांधायचीच. ती ओळ विसरली आणि चकमध्ये वेडावाकडा जॉब असला तर अपघात होतो. हे कुठल्याही क्लासमध्ये पहिल्या दिवशी सांगायला हवं आणि बऱ्याच ठिकाणी सांगत नाहीत.

कारखान्यात चाचणी बहुधा ऑफसेटवर (टूलच्या मापात करायच्या दुरुस्तीवर) घेतात. समजा ड्रॉइंगवर शाफ्ट २५ मिमी, अधिक-उणे ०.०२. तुम्ही मायक्रोमीटरने मोजला, २५.०६ आला. वेअरच्या (टूल झिजल्याच्या दुरुस्तीच्या) खान्यात आधीपासून उणे ०.१० आहे. अजून उणे ०.०६ द्यायचे. फानुक कंपनीच्या कंट्रोलवर ‘+इनपुट’ दाबलं तर जुन्यात मिळवून उणे ०.१६ होतं आणि पुढचा जॉब २५.०० वर येतो. नुसतं ‘इनपुट’ दाबलं तर जुनं पुसून उणे ०.०६ बसतं, आणि पुढचा जॉब लहान व्हायच्या ऐवजी २५.१० येतो. माणूस गोंधळतो, पुन्हा उलटसुलट आकडे टाकतो आणि तासाभरात दहा-बारा जॉब रिजेक्ट. आकडा टाकल्यावर सायकल चालू करण्याआधी पडद्यावर काय बसलं ते वाचायचं, एवढी सवय लावा. दशांश चिन्ह टाकायचं राहून गेलं नाही ना, तेही. लेथवर एक्स हा व्यासात चालतो हे डोक्यात पक्कं असू द्या, नाही तर अर्ध्याचा दुप्पट होतो.

घरी करण्यासारखा अभ्यास : तीन पायऱ्यांचा शाफ्ट, एक चॅम्फर, एक ग्रूव्ह आणि टोकाला आटे, असं ड्रॉइंग वहीत काढा आणि त्याचा प्रोग्राम हाताने लिहा. रफिंगला जी ७१, फिनिशिंगला जी ७०, आट्यांना जी ७६. रोज एक, वेगवेगळ्या मापांचा. दीड-दोन महिन्यांत हात बसतो. व्हर्नियर ०.०२ ची आणि मायक्रोमीटर ०.०१ चा न अडखळता वाचता आला पाहिजे. मुलाखतीत पहिला जॉब हातात देऊन तेच विचारतात. चाळिशी ओलांडली आहे, तेव्हा जवळचा चष्मा आधी करून घ्या. माप चुकण्याचं कारण कितीदा तरी डोळेच असतात.

पहिली नोकरी ऑपरेटरची घ्या, कमी पगाराची असली तरी. सेटरच्या (मशीन लावून देणाऱ्याच्या) शेजारी उभं राहून टूल बदलणं, जॉ बोअर करणं, जी ५४ (जॉबचा शून्यबिंदू) सेट करणं शिका. सेटर झालात की वयाचा प्रश्न कुणी विचारत नाही. बायोडाटावर वरच्या ओळीत ‘टर्नर, १९ वर्षं’ हेच असू द्या. ‘सीएनसी कोर्स’ त्याच्या खाली. उलटं लिहिलं तर तुम्हाला फ्रेशर समजतात.

प्रश्न : कारखान्यात मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन होतो. आता सोलरचं काम जोरात आहे म्हणतात. त्यात पडावं का? (वय ३१, दिघोरी)

हो. घरांच्या छतावरच्या सौर संचांत नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट आणि वरच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान असल्याने घरगुती कामं भरपूर निघतात. आयटीआय इलेक्ट्रिशियन असाल तर सौर संच बसवण्याचं सूर्यमित्र प्रशिक्षण घेता येतं. नाही तर महावितरणकडे नोंद असलेल्या एखाद्या एजन्सीत सहा महिने हाताखाली काम करा, तेही चालतं.

फक्त एसीची सवय डीसीवर नेऊ नका. ३ किलोवॉटला ५४० वॉटची सहा पॅनेल लागतात. ती ओळीत जोडली की उघड्या टोकांना ३०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही. इन्व्हर्टर चालू असताना पॅनेलच्या तारा जोडणारा एमसी-४ कनेक्टर ओढून काढला तर तिथेच आर्क धरतो. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर, मग क्लॅम्प मीटरवर शून्य बघायचं, मगच हात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीचा मादी कनेक्टर जोडणं. बसतात घट्ट, पण आतला संपर्क कच्चा राहतो, गरम होतो आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या छतावर वितळतो. क्रिम्पिंग पकडीनेच करा, प्लासने दाबून नाही. अर्थिंगचे खड्डे तीन : पॅनेलच्या सांगाड्याला एक, एसीला एक, वीजरोधकाला वेगळा. पैसे वाचवायला दोन एकत्र करणारी एजन्सी दिसली तर तिथून बाहेर पडा, कारण पुढे काही झालं तर सही तुमची असते. आणि कमरेला पट्टा बांधल्याशिवाय छताच्या कडेला जायचं नाही.

प्रश्न : मिहानमधल्या कंपनीत साडेतीन वर्षं टेक्निकल सपोर्टला होते. ‘परफॉर्मन्स’चं कारण सांगून दोन तासांत राजीनामा मेल करायला लावला. आता मुलाखतीत काय सांगू? गॅप लपवावी का? (वय २७, मनीषनगर)

लपवू नका. यूएएनवर नोकरीच्या तारखा दिसतात आणि पार्श्वभूमी तपासणारी एजन्सी तिथेच बघते. दोन महिन्यांची गॅप कुणाला खुपत नाही, जुळत नसलेली तारीख खुपते. ‘टीम कमी केली, त्यात माझी जागा गेली’ एवढं एक वाक्य पुरे. जुन्या कंपनीला नावं ठेवत बसू नका.

कंपनीकडून रिलिव्हिंग लेटर, अनुभव पत्र आणि पगारपत्रकं ईमेलवर मागून घ्या. वेतन संहितेनुसार राजीनामा असो की कपात, शेवटचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. पाच वर्षं नसल्याने ग्रॅच्युइटी नाही, पण नेमणूक ठरावीक मुदतीच्या कराराची असेल तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एका वर्षानंतरही ती मिळते. नेमणूक पत्र पुन्हा वाचा. गट आरोग्य विमा संपायच्या आत त्याच विमा कंपनीत वैयक्तिक पॉलिसी मागा. आधीच्या आजारांसाठी जी प्रतीक्षा भरली ती मोजली जाते. एक दिवस उलटला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

शिकायचं काय, तर ‘एआय’ नाव लावलेला महागडा कोर्स नको. गेल्या वर्षी तुम्ही सोडवलेली तिकिटं (ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारी) आठवा. पासवर्ड रीसेट आणि प्रवेश हक्कांची कामं यंत्रं करू लागली आहेत, म्हणूनच जागा गेल्या. लॉग वाचून बिघाड शोधणं अजून माणसाकडे आहे. लिनक्सच्या आज्ञा, एसक्यूएल आणि पायथनमध्ये छोट्या स्क्रिप्ट, या क्रमाने चार महिने द्या. शेवटी एक काम स्वतः करून ठेवा : सर्व्हरचा लॉग वाचून चुका मोजणारी आणि सकाळी मेल पाठवणारी स्क्रिप्ट. मुलाखतीत ती उघडून दाखवता आली तर प्रमाणपत्राची गरज पडत नाही.

प्रश्न : ग्रॅच्युइटीचे दीड लाख आले. तर्री-पोह्याची गाडी टाकावी का ई-रिक्षा घ्यावी? (वय ४९, इमामवाडा)

दोन्हींत सगळे दीड लाख घालू नका. पोह्याच्या गाडीचा हिशेब असा : एक किलो कोरड्या पोह्यांच्या साधारण बारा-तेरा प्लेटी निघतात. पोहे स्वस्त पडतात, खर्च असतो तो तर्रीच्या तेलाचा, हरभऱ्याचा आणि गॅसचा. सकाळी ७ ते १० या तीन तासांत ६० प्लेटी खपतील अशी जागा असेल तरच धंदा बसतो, आणि अशा नाक्यांवर आधीच कुणी तरी उभा असतो. महिनाभर भाड्याच्या गाडीवर करून बघा. महापालिकेचं विक्रेता प्रमाणपत्र मिळालं की फेरीवाल्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेतून पहिलं कर्ज १५,००० चं मिळतं, ते वेळेवर फेडलं की २५,०००, मग ५०,०००. स्वतःची पुंजी राखून ठेवा.

कारखान्यातलंच कसब वापरून छोटं वर्कशॉप काढायचं असेल तर सिव्हिल लाईन्सच्या उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपीची (नव्या उद्योगाला कर्ज आणि अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेची) चौकशी करा. शहरात खुल्या गटाला प्रकल्पाच्या १५ टक्के आणि विशेष गटांना २५ टक्के अनुदान असतं. पण ते हातात येत नाही. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून राहतं आणि उद्योग चालू असेल तरच कर्जात वळतं होतं. उद्योग नवाच असावा लागतो. मशीन आधी घेऊन मग अर्ज केला तर अर्ज बाद.

प्रश्न : मुलाला कोळसा खाणीतल्या नोकरीचं पत्र व्हॉट्सॲपवर आलं. मेडिकल आणि ड्रेसचे ८,५०० भरायला सांगतात. पत्रावर शिक्का आहे. (आई, उमरेड)

भरू नका. सरकारी कंपनीच्या भरतीची जाहिरात तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असते आणि निवड झाल्यावर मेडिकल किंवा ड्रेसचे पैसे कुणी खाजगी खात्यावर मागत नाही. शिक्का कुणीही बनवतो. पत्रातला जाहिरात क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा, सापडणार नाही. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार नोंदली तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. त्या माणसाचे संदेश पुसू नका, त्याला ब्लॉकही करू नका. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि त्याचा नंबर दिसेल असे स्क्रीनशॉट घेऊन मगच पोलीस ठाण्यात जा.